ट्रेलरने लोर मोडला का, हे ठरवायचं कसं

आवडत्या गेमच्या पुढच्या भागाचा ट्रेलर आला की तासाभरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळ्या लोरची, म्हणजे त्या जगाच्या ठरलेल्या इतिहासाची आणि नियमांची, वाट लावली, दुसरी म्हणते गेम हातात येईपर्यंत गप्प बसा. मला दोन्ही पटत नाहीत. ज्या जगात आपण एवढा वेळ काढलाय त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याला आहेच, फक्त बोलताना मुद्दा पक्का हवा, आणि तो पक्का कसा करायचा ते मी माझ्या पद्धतीने सांगतो.

ट्रेलर पहिल्यांदा मजेसाठी बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, थांबवत थांबवत बघा आणि फक्त दिसलेलं लिहा. डिसेंबर 2024 मध्ये द गेम अवॉर्ड्सला द विचर 4 चा ट्रेलर आला, त्यात नायिका सिरीचे डोळे विचरांसारखे (शरीर बदलून घडवलेले राक्षस-शिकारी), म्हणजे मांजरासारखे आहेत, हे दिसलं. तिच्यावर ट्रायल ऑफ द ग्रासेस (माणसाला विचर बनवणारी जीवघेणी प्रक्रिया) झालीय, हा आपला अंदाज (बराच पक्का असला तरी अंदाजच), आणि लोर मोडला हा थेट निकाल. बहुतेक भांडणं अंदाजाला पुरावा समजल्यामुळे होतात, म्हणून हे तीन रकाने वेगळेच ठेवा.

मग बघा की हा प्रत्यक्ष गेमप्ले आहे की आधीच रेंडर करून ठेवलेलं सिनेमॅटिक (फिल्मसारखा बनवलेला सीन). सिनेमॅटिकमधली मारामारी, वेग, जादूचा जोर यावरून लोरबद्दल काही सिद्ध होत नाही, तिथे दिग्दर्शकाला सीन भारी दिसायला हवा असतो. आणि ट्रेलर मुद्दाम फसवतात हेही लक्षात असू द्या. मेटल गिअर सॉलिड 2 च्या ट्रेलरमध्ये आधीच्या गेमचा नायक स्नेक दाखवला आणि 2001 ला गेम आला तेव्हा बराचसा गेम रायडन म्हणून खेळायला लागला. द लास्ट ऑफ अस पार्ट 2 च्या 2019 च्या ट्रेलरमध्ये एलीला मागून येऊन पकडतो तो जोएल, गेममध्ये त्याच सीनमध्ये जेसी आहे (गेम अजून खेळला नसेल तर सॉरी). त्यामुळे फक्त एका फ्रेमवर केस उभी करू नका.

यानंतरचं काम जरा कंटाळवाणं आहे पण वाद इथेच सुटतो: आपण नेमका कुठला लोर धरतोय? पुस्तकातला, आधीच्या गेममधला की ज्या पुराणकथेवरून गेम घेतलाय तिच्यातला? विचरच्या बाबतीत गेम पुस्तकांनंतरची गोष्ट सांगतात, पण लेखक सापकोव्स्कींनी ते आपल्या कथेचा पुढचा भाग कधी मानलेलेच नाहीत, मग पुस्तकातलं वाक्य गेमला कितपत बांधील हे आधी ठरवावं लागतं. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकमधला पोट सुटलेला थॉर 2021 मध्ये दिसला तेव्हा हा खरा थॉर नाही म्हणून गलका झाला. आता ज्या नॉर्स काव्यात थॉर नवरीच्या वेषात लग्नाला जातो तिथे तो एकटा एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे खातो, वर भरपूर मीड (मधाची दारू) पितो. मूळ कथेला धरून बोलायचं तर ते पोट अगदीच बसतं.

आणि ते वाक्य कोण बोलतंय तेही बघा. गेममधलं पात्र, गेममधलं पुस्तक, गावातली अफवा, ही सगळी चुकीची असू शकतात. एल्डर स्क्रोल्स ही गेम मालिका खेळणाऱ्यांना हे चांगलं माहितीय. त्या मालिकेतल्या 1998 च्या रेडगार्डसोबत एक छोटी माहितीपुस्तिका होती, तिच्यात सिरोडील हा प्रदेश म्हणजे घनदाट जंगल, आणि 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये तिथे हिरवीगार कुरणं आणि साधी झाडी. लोक चिडले, ते बरोबरच होतं. पण पुढे स्कायरिम गेममध्ये व्हाइटरन शहराच्या चौकात ओरडणारा पुजारी हाइम्स्कर जे भाषण देतो त्यात टॅलॉस या देवाने आपल्या श्वासाने ही भूमी बदलली असं येतं, म्हणजे बदलाला त्याच जगाच्या श्रद्धेतून कारण दिलं. रिटकॉन (जुना लोर मागाहून बदलणं) तो रिटकॉनच, पण जगाच्या आतून केलेला, आणि मला तो आवडतो.

आता मुख्य गोष्ट. नियम आणि रीत वेगळी करा. रीत मोडली तर गोष्टीला कारण द्यावं लागतं, नियम मोडला तर जगाचा पायाच हलतो. सिरीचंच घ्या. पहिला आक्षेप असा की बाई विचर होऊच शकत नाही. पण ट्रायल मुलग्यांवरच व्हायची ही रीत झाली. पुस्तकात विचरांच्या किल्ल्यात, केअर मोर्हेनमध्ये, तिला खास मशरूम आणि जडीबुटी देतात, जादूगारीण ट्रिस त्यावर भडकते, आणि मुख्य म्हणजे तिथल्या विचरांना म्युटेशन घडवायची विद्या स्वतःहून येतच नाही, त्याला जादूगार लागतो. पण 2015 च्या द विचर 3 मध्ये जादूगारीण येनेफर आणि म्हातारा विचर वेसेमिर मिळून उमा या शापित जीवावर तीच ट्रायल करतात आणि तो जगतो, म्हणजे गेमच्या हिशोबाने रस्ता उघडा आहे. दुसरा आक्षेप असा की तिने पुस्तकात वाळवंटात जादू सोडली होती, मग आता तिच्याकडे जादू कुठून? सोडली, पण तिथे तिने बाहेरून ओढून घ्यायची ती शक्ती सोडली, वंशातून आलेल्या जुन्या रक्तामुळे एका जगातून दुसऱ्या जगात जायची ताकद पुढेही राहतेच. तेव्हा “बाई विचर होऊच शकत नाही” हा आक्षेप कच्चा आहे. पक्का प्रश्न वेगळा आहे: हे तिच्यावर कोणी केलं, आणि जिला या यातनांपासून लांब ठेवायला सगळे झटले ती स्वतःहून त्यात का गेली, तिला मुलीसारखं मानणाऱ्या विचर गेराल्टने ते होऊ कसं दिलं?

आदर आहे की नाही हे मी इथेच तपासतो. चिलखताचा रंग, लॉकेटचा आकार, तलवारीची मूठ जुळली म्हणून आदर होत नाही. जुन्या गोष्टीत कोणी काय गमावलं, कोणी कुठली शपथ घेतली, त्याचं ओझं नव्या गोष्टीत आहे का ते बघायचं. ट्रेलरमध्ये सिरी राक्षस मारून येते आणि जिला वाचवायला निघाली त्या पोरीला गावानेच मारून टाकलेलं असतं, माझ्या मते त्या ट्रेलरमधलं सगळ्यात विचरसारखं तेच आहे, डोळे आणि औषधं त्यानंतर.

मांडताना एका दमात चार तक्रारी करू नका. एक मुद्दा घ्या, कुठल्या गेममधलं किंवा पुस्तकातलं ते सांगा, कोण बोललं ते सांगा, ट्रेलरमधली वेळ द्या आणि शेवटी लिहा की गेमने काय दाखवलं तर तुमचा आक्षेप मिटेल. हा शेवटचा भाग जमत नसेल तर तुमची तक्रार आवडीनिवडीची आहे, तीही मांडा, पण “मला आवडलं नाही” असं सरळ म्हणून. पुढचा ट्रेलर आला की आधीच्या आक्षेपाशेजारी उत्तर मिळालं की नाही तेवढं लिहून ठेवा.