एक्स्पोर्ट कुठे थांबला, ते आधी लिहून ठेवा

लातुरात मिक्सिंगच्या, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगच्या, कामाला दोन हंगाम असतात. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, आणि जूनमध्ये नव्या बॅचेस सुरू झाल्या की क्लासवाल्यांची लेक्चरं. या धंद्यात नव्यानं येणारी पोरं-पोरी यातल्याच एखाद्या कामावर हात बसवतात. कटिंग, रंग, हळदीवर गाणं बसवणं हे व्हिडिओ बघूनही शिकता येतं. पण सॉफ्टवेअर अपग्रेड झालं आणि कालपर्यंत सरळ निघणारा एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल) आज निघेना, की चांगली चांगली मंडळी हातपाय गाळतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे सुरुवातीलाच सांगते, कारण प्रसंग येणार हे नक्की, आणि तो बहुतेक दाट तिथीच्या आठवड्यातच येतो.

पहिली धाव सगळ्यांची एकच असते: एररचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि कुणीतरी सांगितलं म्हणून सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं. एररचा मजकूर बहुतेक वेळा इतका मोघम असतो की त्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक साधी गोष्ट बघा. एक्स्पोर्ट नेमका कुठे थांबला? टक्के नकोत, टाइमलाइनवरची (क्लिपा ओळीनं मांडतो त्या पट्टीवरची) वेळ हवी: तास, मिनिट, सेकंद. ती वहीत लिहा. मग काहीही न बदलता पुन्हा एकदा लावा आणि दुसऱ्यांदा कुठे थांबतो तेही लिहा. या दोन आकड्यांवरून अर्धं निदान होतं.

सुरूच होत नसेल, शून्यावरच नाही म्हणत असेल, तर तुमच्या फुटेजला दोष देऊ नका. तिथं सेटिंग, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम) नाहीतर फोल्डरची परवानगी यांपैकी काहीतरी असतं. जुन्या आवृत्तीत जपून ठेवलेला स्वतःचा प्रीसेट (सेटिंगांचा तयार संच) नव्या आवृत्तीत वापरताय का, ते आधी बघा. आतले पर्याय बदललेले असतात आणि नाव मात्र तेच दिसतं. नवा प्रीसेट पहिल्यापासून बनवा. विंडोजमध्ये रॅन्समवेअरपासून बचावासाठी 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला व्हिडिओज किंवा डॉक्युमेंट्समध्ये फाइल लिहू देत नाही. डी ड्राइव्हवर नवा फोल्डर करून तिथं एक मिनिटाचा तुकडा काढून बघितला की हा संशय फिटतो.

ड्रायव्हरचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या दुकानांत सेकंडहँड ग्राफिक्स कार्डं भरपूर आहेत. सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती ग्राफिक्स ड्रायव्हर किमान अमुक आकड्याचा मागते. तो आकडा त्या सॉफ्टवेअरच्या 'सिस्टीम रिक्वायरमेंट्स'मध्ये लिहिलेला असतो आणि कुणी वाचत नाही. कार्ड जुनं असेल तर तेवढा नवा ड्रायव्हर त्याला मिळतच नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांसाठी नव्या सुधारणांचे ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. अशा मशीनवर नवी आवृत्ती टाकून रात्र जाळण्यात अर्थ नाही. जुन्या आवृत्तीवर काम करा आणि कार्डासाठी पैसे बाजूला काढा. कार्ड बऱ्यापैकी नवं असेल तर 'गेम रेडी'ऐवजी 'स्टुडिओ' ड्रायव्हर घ्या, आणि टाकताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा.

आता दोन्ही वेळा एकाच जागी थांबणारा एक्स्पोर्ट. "ताई, किती बी टायमाला लावा, तिथंच अटकूलालंय बघा," असं कुणी म्हटलं की मी निश्चिंत होते. एकाच जागी अटकतंय म्हणजे दोषही त्याच जागी बसलाय: एखादी क्लिप, इफेक्ट, ट्रान्झिशन किंवा टायटल. सॉफ्टवेअर ती जागा नेमकी दाखवत नसेल, तर निम्मं करत जा. दोन तासांची टाइमलाइन असेल तर इन-आउट (सुरुवात-शेवटाच्या खुणा) लावून पहिला तास काढा. निघाला? मग दोष दुसऱ्या तासात. त्याचा पुन्हा निम्मा. असं दहा वेळा केलं की दोन तास सात सेकंदांवर येतात, आणि सात सेकंदांत किती क्लिप असणार? प्रत्यक्षात दहा वेळा करावंही लागत नाही, कारण तुकडा लहान झाला की संशयित डोळ्यांनीच दिसतो.

लग्नाच्या कामात हा संशयित बहुतेक वेळा मोबाइलवरची क्लिप असतो. आपला कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर लावलेला, आणि वरातीत मामानं फोनवर काढलेला नाच मध्ये घालायचा असतो. फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला की कमी-जास्त करतो. जुनी आवृत्ती हे निमूट सोसत असेल, पण नव्या आवृत्तीत फाइल वाचण्याची पद्धत बदललेली असते आणि ती नेमकी तिथं अडते किंवा आवाज पुढे-मागे सरकतो. उपाय सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर, दोन्ही फुकट मिळतात. त्यात ती क्लिप 'कॉन्स्टंट फ्रेम रेट'वर २५ ला काढा आणि टाइमलाइनवर जुनीच्या जागी ठेवा. माझं मत विचाराल तर फोनची प्रत्येक क्लिप टाइमलाइनवर येण्याआधीच बदलून घ्यावी, अडण्याची वाट बघू नये.

क्लासच्या कामात वेगळा प्रकार भेटतो. सर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर स्क्रीन रेकॉर्ड करतात आणि फाइल एमकेव्ही प्रकारात येते. ते बरोबरच आहे, मध्येच लाईट गेली तरी तोवरचं एमकेव्ही वाचतं. एमपी-फोरची मात्र सूची शेवटी लिहिली जात असल्यामुळे अर्धवट फाइल बहुधा उघडत नाही. पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर एमकेव्ही घेत नाहीत. अशा वेळी ओबीएसच्या फाइल मेनूत 'रीमक्स' आहे. दोन तासांचं लेक्चर दर्जा न घालवता थोड्या वेळात एमपी-फोरमध्ये येतं.

क्लिप साफ वाटत असेल तर दोन सेटिंगं आळीपाळीनं बंद करून बघा. नवे लोक इथं हमखास गोंधळतात, कारण दोन्हीकडे ग्राफिक्स कार्डच कामाला असतं. एक सेटिंग इफेक्ट आणि रंगाचं गणित कार्डावर करायचं की प्रोसेसरवर, हे ठरवतं. दुसरं, तयार झालेलं चित्र एच.२६४ मध्ये (व्हिडिओ लहान करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) दाबायचं काम कार्डानं करायचं की प्रोसेसरनं, हे ठरवतं. आधी फक्त दुसरं 'हार्डवेअर'वरून 'सॉफ्टवेअर'वर न्या. निघालं तर दोष एन्कोडरचा (कार्डातल्या दाबणाऱ्या भागाचा) किंवा ड्रायव्हरचा. नाही निघालं, तर ते परत जागेवर आणून पहिलं बदला. आता निघालं तर एखादा इफेक्ट कार्डाला झेपत नाही, किंवा कार्डाची मेमरी पुरत नाही. दोन्ही आळीपाळीनं बंद करूनही तिथंच अडलं, तर बहुधा फाइलच खराब आहे. मेमरी कार्डावरून डाटा पुन्हा कॉपी करा. दोन्ही सेटिंगं एकदम बदलली तर काम निघेल, पण का निघालं ते कळणार नाही, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तेच.

प्लगइनचं (बाहेरून जोडलेल्या जादा इफेक्टचं) थोडक्यात. अपग्रेडनंतर जुने ट्रान्झिशन पॅक सगळ्यात आधी रुसतात, आणि क्रॅक केलेले तर फार. प्लगइनचा फोल्डर तात्पुरता दुसरीकडे हलवून सॉफ्टवेअर उघडा. क्रॅकवर सबंध दुकान चालवणाऱ्यांना एवढंच सांगेन की डाव्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरून उरते. मीडिया कॅशही (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींचा साठा) रिकामा करा. जुन्या आवृत्तीच्या प्रीव्ह्यू फाइल नवी आवृत्ती तशाच उचलते आणि ठेचकाळते. कॅश पुसल्यानं मूळ फुटेज जात नाही; जाईल अशी भीती पुष्कळांना असते म्हणून सांगितलं.

दर वेळी वेगळ्याच जागी थांबत असेल, तर टाइमलाइन सोडा आणि मशीनकडे बघा. विंडोज घडामोडींच्या नोंदी दाखवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टीम' उघडून त्या वेळेची नोंद शोधा. ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्प्ले ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं होतं. 'कर्नल-पॉवर ४१' असेल तर मशीन नीट बंद न होता बसलं, म्हणजे लाईट, यूपीएस किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तपासा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो, वर पत्रे असलेल्या गाळ्यात त्याहून जास्त. नवी आवृत्ती कार्डाला जास्त राबवत असेल तर पूर्वी दुपारी तगणारं मशीन आता बसतं. तोच एक्स्पोर्ट पहाटे लावून बघा. पहाटे निघाला तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून ब्लोअर मारा आणि पंख्यांवरची धूळ काढा.

शेवटाला येऊन, ९८-९९ टक्क्यांवर पडत असेल तर डिस्कवरची मोकळी जागा बघा. काही सॉफ्टवेअर चित्र आणि आवाज वेगळे लिहून शेवटी जोडतात, त्या वेळी काही काळ दुप्पट जागा लागते. आणि पार्टीनं आणून दिलेल्या पेनड्राइव्हवर थेट एक्स्पोर्ट मारू नका. तो फॅट-३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. २० एमबीपीएसच्या (सेकंदाला २० मेगाबिट) व्हिडिओला ही मर्यादा अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास लागते. "पूर्वी याच पेनड्राइव्हवर निघत होतं की," असं म्हणणाऱ्यांचं खोटं नसतं. अपग्रेडमध्ये आपोआप निवडला जाणारा बिटरेट (सेकंदाला किती डाटा) वाढलेला असू शकतो आणि फाइल फुगते. आधी हार्ड डिस्कवर काढा, पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मग कॉपी करा. पार्टी तो टीव्हीला लावणार असेल तर एक्सफॅट त्यांचा टीव्ही वाचतो का, ते विचारून घ्या. नाहीतर फॅट-३२ च ठेवून फाइल भागांत द्या.

एक्स्पोर्ट निघाला म्हणून काम झालं असंही नाही. नव्या आवृत्तीत टायटलचं इंजिन बदललं असेल तर देवनागरी जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. पत्रिकेतलं नाव चुकलेलं व्याही मंडळी विसरत नाहीत. अडोबीच्या प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली टायटलं युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केलेली बरी.

आणि उद्या सकाळीच द्यायचं असेल तर? मग शोध बाजूला ठेवा. एच.२६४ सोडून प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआरमध्ये (एडिटिंगसाठीच्या मोठ्या फाइलींचे प्रकार) काढा. या फाइल दाबायला सोप्या, त्यामुळे अडणारा एक्स्पोर्टही पुष्कळदा यात निघतो. फुल एचडी २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ ताशी ५५ जीबीच्या घरात जातं, तेव्हा दोन तासांना ११० जीबी मोकळे हवेत. ती फाइल हँडब्रेकमध्ये टाकून एमपी-फोर करा. तेही नाही झालं तर निघणारे तुकडे वेगवेगळे काढून नव्या टाइमलाइनवर जोडा. पार्टीला मात्र रात्रीच फोन करा. "काका, फायनल उद्या दुपारी देते, हायलाइट आत्ता पाठवते," एवढं सांगितलं की गावाकडची माणसं समजून घेतात. फोन न उचलणाऱ्याला समजून घेत नाहीत.

अपग्रेडची वेळ आपल्या हातात असते. ऑटो अपडेट बंद ठेवा. लग्नाचं काम करणाऱ्यांनी चातुर्मासात करावं, क्लासवाल्यांनी मे महिन्यात 'नीट'ची परीक्षा झाल्यावर. अपग्रेड करताना जुनी आवृत्ती काढायला सांगणारी खूण असेल तर ती काढून टाका, दोन्ही शेजारी राहू द्या. नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनी आवृत्ती सहसा उघडत नाही, म्हणून आधी प्रोजेक्टची प्रत काढा. रिझॉल्व्हमध्ये तर सगळी प्रोजेक्ट लायब्ररीच नव्या रूपात जाते, तेव्हा लायब्ररीचा बॅकअप आधी.

आणि एक चाचणीची टाइमलाइन बनवून ठेवा. तीन-चार मिनिटं पुरे: कॅमेऱ्याची एक क्लिप, ड्रोनची एक, फोनची एक, एक स्लो मोशन, रोजच्या वापरातला एलयूटी (रंगाचा तयार साचा), नेहमीची दोन ट्रान्झिशन, 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'लक्ष्मी' अशी नावं असलेलं एक टायटल. अपग्रेड झाल्या झाल्या ती जुन्या प्रीसेटवर आणि नव्या प्रीसेटवर अशी दोनदा काढा, टीव्हीवर लावून शेवटपर्यंत बघा, आणि ती निघाल्याशिवाय नव्या आवृत्तीत कुणाचंही लग्न उघडू नका.