नकाशाचा प्रोजेक्ट घेताय? आधी यादी बनवा

वेब टेक्नॉलॉजीच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी नकाशा मुद्दाम निवडला होता. आता ज्युनिअर विचारायला येतात तेव्हाही तोच घ्या, असं मी सांगते. लॉगिन-फॉर्म-डेटाबेस या ठरलेल्या साच्यात जे कधी शिकायला मिळत नाही, ते नकाशात पहिल्या आठवड्यातच समोर येतं: छोटा स्क्रीन, हळू नेट, माऊस न वापरणारा माणूस, न दिसणारा माणूस. हे सगळे शेवटच्या रात्री 'ॲक्सेसिबिलिटी' (सगळ्यांना वापरता येणं) नावाच्या एका मुद्द्यात उरकता येत नाहीत.

विषय माझ्या जवळचा होता. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. प्रोजेक्टला इतकी माहिती अगदी पुरेशी. 12 नोंदी हाताने तपासता येतात. नेटवरून 500 ठिकाणं उचलली तर त्यातली चुकीची कुठली हे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, सांगता येत नाही.

साधनं साधीच घ्या. लीफलेट ही वेबपानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्टची हलकी, मुक्त लायब्ररी आहे आणि खाली ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाच्या टाइल्स, म्हणजे चित्रांचे चौकोनी तुकडे, चालतात. एपीआय की (सेवा वापरायचा खासगी कोड) लागत नाही, कार्ड जोडावं लागत नाही. नकाशाच्या डब्याला सीएसएसमध्ये उंची द्यायची विसरू नका. उंची नसेल तर एरर न येता पान नुसतं कोरं दिसतं. दुसरी गोष्ट अक्षांश-रेखांशांच्या क्रमाची. जिओजेसन या ठिकाणांची माहिती साठवायच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी येतो, लीफलेटच्या फंक्शनला अक्षांश आधी लागतो. रायगड साधारण 18.23 उत्तर, 73.44 पूर्व. क्रम उलटला की रायगड थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. मार्कर (नकाशावरची खूण) दिसत नसेल तर आधी झूम आउट करून तिथे बघा.

आता मुख्य मुद्दा. नकाशा बनवायच्या आधी साध्या एचटीएमएलमध्ये किल्ल्यांची यादी बनवा. प्रत्येक किल्ल्याचं नाव हे बटण, खाली जिल्हा, प्रकार, दोन ओळी माहिती. वर शोधायची चौकट आणि फिल्टर. हे पान नकाशाशिवाय पूर्ण चाललं पाहिजे. मग त्याच माहितीवरून नकाशा काढा: यादीत राजगडावर क्लिक केलं की नकाशा तिथे सरकतो, नकाशावर मार्कर दाबला की यादीतलं नाव ठळक होतं. लोक उलटं करतात. आधी नकाशा सजवतात, यादी मागाहून चिकटवतात, आणि फिल्टर लावल्यावर यादीत 3 नावं आणि नकाशावर 12 खुणा असा घोळ राहतो. माहिती एकाच ठिकाणी ठेवा आणि दोन्हीकडे तिथूनच दाखवा.

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याला मी अर्धवट झालेलं ॲप वापरायला दिलं. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, होता. नकाशात शिरून तो टॅब दाबत गेला आणि आवाज येत राहिला: मार्कर, बटण. मार्कर, बटण. मार्कर, बटण. लीफलेट आपणहून प्रत्येक खुणेला 'मार्कर' एवढंच नाव देतं, म्हणून खूण बनवतानाच 'ऑल्ट'मध्ये (चित्राऐवजी वाचायच्या मजकुरात) किल्ल्याचं नाव द्यायचं. हे मी लगेच केलं. पण त्याने पुढे जे विचारलं त्याने माझा प्रोजेक्टच बदलला: "नावं कळली गं, पण रायगडापासून राजगड कुठल्या बाजूला, आणि किती लांब?"

नकाशा डोळ्यांना हेच तर सांगत असतो: काय कशाजवळ आहे, कुठल्या दिशेला आहे. मार्करला नाव दिलं म्हणजे नकाशा वाचता आला असं होत नाही. ती जवळीक आणि दिशा शब्दांत आली पाहिजे. मग मी प्रत्येक किल्ल्याखाली सर्वात जवळच्या किल्ल्याची ओळ घातली; रायगडाखाली, 'राजगड: पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे 25 किमी'. अंतर काढायचं फंक्शन लीफलेटमध्येच आहे, दिशेसाठी थोडं गणित लिहावं लागतं. पुढे ही ओळ डोळस मित्रांनीच जास्त वापरली, कारण सुट्टीत कुठले दोन किल्ले जोडून करायचे हे त्यावरून कळतं. फक्त 'सरळ रेषेत' हे शब्द गाळू नका. सह्याद्रीत घाट उतरून रस्त्याने जाताना अंतर कितीतरी वाढतं.

पॉपअपकडेही लक्ष द्या. मार्करवर एंटर दाबलं की पॉपअप (माहितीची छोटी चौकट) उघडतो, पण फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा, मार्करवरच राहतो. न दिसणाऱ्याला काही उघडलं हे कळतच नाही. पॉपअप उघडल्यावर फोकस त्यातल्या शीर्षकावर न्या, बंद केल्यावर जिथून आला तिथे परत आणा. फिल्टर लावल्यावर '3 किल्ले सापडले' ही ओळ स्टेटस रोल असलेल्या भागात लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर ती आपणहून वाचतो. आणि पानाच्या मूळ एचटीएमएल टॅगवर मराठी भाषेचा कोड 'एमआर' द्या, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचू शकतो.

माझा फिल्टर किल्ल्याच्या प्रकारावर होता. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे बेटावरचे, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, बाकीचे डोंगरी. खुणांना नुसते निळे-तपकिरी रंग देऊन भागत नाही. रंगांधळ्या माणसाला फरक कळेलच असं नाही आणि उन्हात मोबाईल धरला तर कुणालाच कळत नाही. आकार वेगळा ठेवा: लाटेची खूण, डोंगराची खूण.

मोबाईलवर जिंजी फार छळतो. साल्हेरपासून जिंजीपर्यंत सगळं एका नजरेत आणायचं तर 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर झूम 6 च्या आसपास यावं लागतं. त्या झूमला रायगड-राजगड यांच्यात जेमतेम 11 पिक्सेल उरतात, आणि लीफलेटची नेहमीची खूण 25 पिक्सेल रुंद. म्हणजे मावळातले किल्ले एकमेकांवर चढतात आणि बोटाला हवा तो सापडत नाही. बरेच जण इथे क्लस्टरचं, म्हणजे जवळच्या खुणा एकात गोळा करणारं, प्लगइन घालतात. 12 खुणांसाठी मला ते पटत नाही; किल्ल्यांच्या जागी '7' लिहिलेलं वर्तुळ येतं आणि कीबोर्डचं काम वाढतं. मी सुरुवातीचा नकाशा महाराष्ट्रातल्या 11 किल्ल्यांवर बसवला आणि वर 'जिंजी दाखवा' असं बटण ठेवलं. डब्लूसीएजी 2.2 या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीप्रमाणे दाबायची जागा किमान 24 बाय 24 पिक्सेल हवी; मी यादीतली बटणं त्याहून बरीच मोठी ठेवली.

फोनवर नकाशा पूर्ण उंचीचा करू नका. बोट नकाशावर पडलं की पान सरकत नाही, नकाशाच सरकतो, आणि माणूस तिथे अडकतो. अर्धी उंची नकाशाला, खाली यादी. बाजूची पट्टी उघड-बंद होत असेल तर त्यानंतर लीफलेटला नवा आकार कळवणारं 'इनव्हॅलिडेट साइझ' चालवा, नाहीतर अर्धा नकाशा राखाडी राहतो. पॉपअपमधला मूळ अक्षरआकार देवनागरीला फार बारीक पडतो, वेलांट्या आणि रफार एकमेकांत शिरतात. 16 पिक्सेल आणि ओळीची उंची 1.6 ठेवा.

शोधाच्या चौकटीत लोक पन्हाळा लिहितात, पन्हाळगड लिहितात, खंदेरी लिहितात, जिन्जी लिहितात, रोमन अक्षरांतही लिहितात. प्रत्येक किल्ल्याला पर्यायी नावांची छोटी यादी जोडा. काम एका संध्याकाळचं, पण वापरणाऱ्याचा जीव वाचतो.

एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) डेमो देताना मी माऊस बाजूला ठेवून टॅब आणि एंटरवर एक किल्ला शोधून दाखवला, मग वायफाय बंद करून पानावर क्लिक करत राहिले. टाइल्स आल्या नाहीत, 'नकाशा मिळत नाही, यादी वापरा' अशी ओळ आली आणि यादी चालत राहिली. लीफलेट टाइल न मिळाल्याची सूचना देतं, तिच्यावर ही ओळ बांधलेली असते. प्रश्न बहुतेक त्यावरच आले.

कोपऱ्यातलं ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं श्रेय काढू नका, ती परवान्याची अट आहे. त्यांचे टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतात, त्यामुळे टाइल्स घाऊक डाउनलोड करायलाही मनाई आहे. आणि आपल्याकडे देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते. जगभर वापरल्या जाणाऱ्या टाइल्सवर ती तशी नसते. म्हणून 'मॅक्स बाउंड्स' (नकाशा सरकवायची हद्द) आणि किमान झूम लावून नकाशा साल्हेर ते जिंजी एवढ्याच पट्ट्यात ठेवा, आणि तसं का केलं ते रिपोर्टात दोन ओळींत लिहा.