गाडीची आयडलिंगची कटकट: हवा नेमकी कुठून शिरत होती

गुहागरला आमची पेट्रोल गाडी आयडलिंगला (उभी असताना, रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवलं की) गुरगुरायची. आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची) सुई ८०० वरून १२०० वर, पुन्हा खाली. गॅरेजवाल्याने प्लग बदलायला सांगितले; प्लग तर नवेच होते.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. आयडलला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा) +२२ टक्के, २५०० आरपीएमला +६. म्हणजे थ्रॉटलच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठूनतरी न मोजलेली हवा आत जातेय. आयडलला आतली ओढ (व्हॅक्यूम) जास्त आणि एकूण हवा कमी, म्हणून ही चोरीची हवा तिथेच जास्त जाणवते. रेस केली की तिचा वाटा घटतो.

अशी गळती शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टशेजारी ते पेटू शकतं, मला पटत नाही. मी फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घेतलं आणि पंखा-बेल्ट सांभाळून एकेक नळीवर थोडं मारलं. पीसीव्ही नळीच्या (इंजिनातले वायू पुन्हा आत ओढून नेणाऱ्या नळीच्या) खालच्या वळणावर पाणी पडताच फुस्स आवाज थांबला, सुई स्थिरावली. नळी वाकवली तर रबराला उभी चीर, वरून अजिबात न दिसणारी.

नळी बदलली, तरी ट्रिम +९. सकाळी थंड इंजिनाला टिकटिक होती, गरम झाल्यावर गायब. हे एक्झॉस्टच्या गळतीचं लक्षण. धातू तापून फुगला की फट मिटते. गाडी थंड असताना ब्लोअरने सायलेन्सरमधून हवा भरली, जोडांवर साबणाचं पाणी लावलं. ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधीच्या फ्लँजवर (पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडावर) बुडबुडे! तिथून बाहेरची हवा शिरून सेन्सर फसत होता, पेट्रोल कमी पडतंय असं समजून ट्रिम वाढत होता.

खाऱ्या हवेने बोल्ट इतके गंजलेले की एक तुटलाच. नवं गॅस्केट टाकलं. ट्रिम आता +२.