गोव्यात इंडी रॉक बँड कसे शोधावेत आणि त्यांचे वादन इतरांपर्यंत कसे पोचवावे

गोव्यात प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीताची उणीव कधीच नव्हती. तियात्राला (कोकणी संगीत नाटकाला) बँड असतो, फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) रात्री नाचासाठी बँड येतो आणि साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतच्या हंगामात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये संध्याकाळी कोणीतरी गिटार घेऊन गात असतेच. असे असूनही, मोठ्या संगीत कंपनीच्या आधाराविना स्वतः रचलेली गाणी वाजवणारा, म्हणजेच इंडी रॉक बँड ऐकायचा झाल्यास पेडणे, डिचोली किंवा फोंड्यातल्या रसिकाला नेमके कुठे जावे हे कळत नाही. हॉटेलमालकाला पाहुण्यांच्या ओळखीची गाणी हवी असतात, त्यामुळे हंगामातले बहुतेक कार्यक्रम कव्हर, म्हणजे इतरांच्या प्रसिद्ध गाण्यांचेच होतात आणि बँडच्या मूळ रचनांना आठवड्यातला एखादा आडवार, एखादी लहान जागा मिळते. तिथपर्यंत पोचण्याचे आणि इतरांना पोचवण्याचे काम श्रोत्याने पद्धतशीरपणे केले, तर त्याचा या बँडना खरोखर उपयोग होतो.

पहिली पायरी: वादकालाच विचारावे

शॅकमध्ये कव्हर वाजवणाऱ्यांपैकी अनेकजण ते काम चरितार्थासाठी करतात आणि उरलेल्या वेळात आपल्या बँडचा सराव करतात. म्हणून एखाद्याचे वादन आवडले, तर सेट (सलग वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांचा टप्पा) संपून वाद्ये आवरून होईपर्यंत थांबावे आणि 'तुमची स्वतःची गाणी कुठे ऐकायला मिळतील?' असे सरळ विचारावे. कोणत्याही ॲपच्या शिफारशीपेक्षा मला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण गोव्यासारख्या लहान राज्यात एकच ड्रमर दोन-तीन बँडमध्ये वाजवत असतो, आणि एका नावाचा धागा धरला की पुढची नावे आपोआप हाती येतात. गायक आणि वाद्यांच्या आवाजाचा तोल राखणारा मिक्सर सांभाळणाऱ्या साउंड इंजिनिअरलाही हाच प्रश्न विचारावा. त्याने वेगवेगळे बँड जवळून ऐकलेले असतात आणि त्याचे मत सहसा निर्भीड असते. पणजी, मडगाव आणि म्हापशातील वाद्यांच्या दुकानांत व सरावाच्या खोल्यांत भिंतीवर लावलेली पत्रकेही वाचावीत.

ही माणसामाणसांतून चालणारी रीत गोव्याला नवी नाही. १९८०च्या दशकात गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी आपल्या सुरुवातीच्या कॅसेट स्वतःच ध्वनिमुद्रित केल्या आणि स्कूटरवरून फिरून त्या स्वतःच विकल्या. इंडी या शब्दाचा प्रसार होण्याआधीच ते काम इथे घडून गेले होते, आणि गोमंतकीय रसिकाने त्याचा अभिमान बाळगावा असे मला मनापासून वाटते.

दुसरी पायरी: पोस्टरवरच्या लहान अक्षरांतून यादी करावी

देशभरातील बँडची ओळख करून घ्यायची असेल, तर महोत्सवांची जुनी पोस्टर पाहावीत. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक, पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला एनएच७ वीकेंडर आणि अरुणाचल प्रदेशात २०१२ पासून होणारा झिरो महोत्सव यांच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांतील नावे सर्वांना ठाऊक असतात. शोध घ्यावा तो खालच्या ओळींतल्या लहान अक्षरांतील नावांचा. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, चेन्नईचा एफ१६ज किंवा बंगळुरूचा परवाझ यांच्यापासून सुरुवात केल्यास या संगीताचा आवाका लक्षात येतो. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात होणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवातही संगीताचा स्वतंत्र विभाग असतो. त्याचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे.

तिसरी पायरी: कार्यक्रमाला वेळेवर जावे

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही रात्री १०ची मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. त्यामुळे उघड्यावरचा कार्यक्रम लवकर सुरू होऊन लवकर संपतो, आणि नवख्या बँडला बहुधा पहिलाच सेट मिळत असल्याने उशिरा येणाऱ्याच्या हातून नेमका तोच निसटतो. परतीची सोय आधी ठरवावी, कारण रात्री गावाकडची बस मिळत नाही आणि पायलटही (मोटारसायकल टॅक्सीवालाही) भेटेलच असे नाही. बंदिस्त जागेत शिरताच बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते पाहून ठेवावे. कानांत फोमचे बोळे घालण्यात कमीपणा मानू नये: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते.

चौथी पायरी: परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८अ नुसार आपल्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करू देण्याचा आणि ते लोकांपर्यंत नेण्याचा अधिकार कलाकाराचा असतो. कलम ३९ नुसार स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी केलेल्या मुद्रणाला मुभा आहे, मात्र ते इतरत्र टाकायचे असेल तर विचारणे आवश्यक ठरते. विचारणे अवघड नसते. साउंडचेकच्या (कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याच्या) वेळी भेटून कोणती गाणी टाकलेली चालतील आणि कोणती अजून अपुरी असल्याने टाकू नयेत, एवढे विचारून घ्यावे. नवे गाणे प्रथमच वाजवणाऱ्या बँडला ते कच्च्या रूपात पसरलेले नको असते, आणि त्यांच्या या इच्छेचा मान राखलाच पाहिजे.

मुद्रणासाठी मंचासमोर अगदी पुढे उभे राहू नये. लहान खोलीत ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर थेट ऐकू येतात, पण गायकाचा आवाज फक्त स्पीकरमधून येतो, त्यामुळे पुढच्या रांगेत तो दबतो. साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ, दोन्ही स्पीकरपासून साधारण सारख्या अंतरावर उभे राहिल्यास तोल चांगला साधतो, कारण त्याने आवाज जुळवलेला असतो तो तिथूनच ऐकून. फोन आडवा धरावा, विमान मोडवर ठेवावा, मायक्रोफोनच्या छिद्रावर बोट येत नाही ना ते पाहावे आणि सुरुवातीला अर्धा मिनिट मुद्रण करून आवाज फाटतो का ते तपासावे. एक पूर्ण गाणे घ्यावे, पुढची गाणी फोन खिशात ठेवून ऐकावीत.

पाचवी पायरी: नेमक्या माहितीसह पुढे पाठवावे

व्हॉट्सॲपवर 'भारी बँड, जरूर ऐका' एवढेच लिहून पाठवलेली चित्रफीत चार दिवसांत कुठून आली हेही कळेनासे होते. बँडचे नाव ते स्वतः लिहितात त्याच वर्णलेखनात, गाण्याचे नाव, तारीख, जागा आणि वादकांची नावे सोबत द्यावीत. सादर केलेल्या गाण्यांचा क्रम सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर नोंदवता येतो. गाणे विकत घेण्याचा दुवाही जोडावा. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही, तर बँडना आपले संगीत थेट विकता येते त्या बँडकँप या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतून सर्वसाधारणपणे १५ टक्के आणि टी-शर्टसारख्या वस्तूंतून १० टक्के कापले जातात. व्यवहाराचे शुल्क वगळता उरलेली रक्कम बँडकडे जाते.

मित्राला पाठवताना शंभर जणांच्या गटापेक्षा, ज्याला ते संगीत रुचेल असे वाटते अशा एकाला वेगळा संदेश लिहावा. बँडचा पुढचा कार्यक्रम कोणत्या वारी, कुठे आणि किती वाजता आहे, तिकीट किती आणि परतताना गाडीत जागा आहे का, हे त्याच संदेशात कळवावे.