टीव्ही स्टिकला फक्त आमचंच वायफाय दिसेना: माझा अनुभव

मावसभावानं अमेरिकेहून आणलेली जुनी स्टिक (टीव्हीत खोचून नेटवरचे कार्यक्रम बघायची), वायफायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवाली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तिला शेजाऱ्यांची वायफाय दिसायची, आमचं नाही. मोबाइल मात्र त्याच राउटरवर मजेत. रीस्टार्ट, फॅक्टरी रीसेट, सगळं फुकट. आईची मालिका बुडाली ती वेगळीच.

कारण निघालं वायफायचा चॅनेल (२.४ च्या पट्ट्यातला क्रमांक दिलेला एक भाग). राउटर ‘ऑटो’वर असल्यानं १३ वर जाऊन बसला होता. भारतात तो चालतो, पण अमेरिकेसाठी बनलेली बरीच उपकरणं १ ते ११ एवढेच बघतात.

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडलं (तुमचा पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असेल). वायरलेस, मग २.४ चं पान, चॅनेल ‘ऑटो’ऐवजी ६, सेव्ह. राउटर पुन्हा सुरू झाल्यावरच स्टिकचा प्लग काढून लावला. यादीत नाव आलं, पासवर्ड टाकला, जोडलं गेलं. ५ गिगाहर्ट्‌झच्या पानाला हात लावायची गरज नाही.