आपले-परके करण्याची सवय मोडायची कशी

माणसांत दोन तट पडायला फार मोठं कारण लागत नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना पडद्यावरचे ठिपके अंदाजाने मोजायला लावले. मग ‘तू जास्त आकडा सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला’ असं म्हणून त्यांचे गट केले. प्रत्यक्षात ही वाटणी मनाला येईल तशीच केली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पुढच्या प्रयोगात तर आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त हवं, असा कल दिसला.

म्हणून ‘मी कुणाचा द्वेष करत नाही’ एवढ्याने काम भागत नाही. मन निर्मळ करण्याच्या मागे लागण्यापेक्षा भेदभाव जिथे प्रत्यक्ष घडतो त्या जागा धरा: तोंडातलं वाक्य, निवडीचा निर्णय, एकत्र काम आणि घरातली चर्चा.

आधी वाक्य पकडा

दोन आठवडे फोनमध्ये किंवा वहीत नोंदी ठेवा. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी हव्यात: मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, ते कुणाबद्दल होतं, आणि त्याआधी काय झालं होतं. रात्री आठवून लिहायला बसलात तर वाक्य सभ्य होऊन उतरतं, म्हणून लगेच लिहा.

काही शब्द आले की कान टवकारायचे. ‘हे लोक ना…’, ‘त्यांच्यात असंच असतं’, ‘तसा वाटत नाही हो तो’. शेवटचं वाक्य कौतुक म्हणून बोललं जातं, पण त्याच्या पोटात बाकी सगळ्यांवरचा शेरा असतो. ‘तो अपवाद आहे’ हे त्याहून चिवट. समोरचा माणूस आपल्या समजुतीत बसला नाही की त्याला अपवादाच्या खणात टाकायचं आणि समजूत शाबूत ठेवायची, असा तो व्यवहार आहे. एकाच गटाबद्दल तिसऱ्यांदा ‘अपवाद’ लिहावं लागलं, तर नियमावरच काट मारा.

दुटप्पी मापही नोंदींतूनच सापडतं. आपला सहकारी उशिरा आला तर ‘कुठेतरी अडकला असेल’, दुसऱ्या गटातला आला तर ‘यांना शिस्तच नाही’. आपल्या माणसाच्या चुकीला परिस्थिती जबाबदार, परक्याच्या चुकीला त्याचा स्वभाव; आणि परक्याने काही चांगलं केलं तर ते नशीब. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये हा नमुना मांडला. तपासायची रीत सोपी आहे: त्याच वाक्यात नाव बदलून आपल्या जवळच्या माणसाचं घाला. आता ते वाक्य अन्यायाचं वाटलं, तर आधीही ते अन्यायाचंच होतं.

नोंदी बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी बंद पडतात, कारण वाचून लाज वाटते. इथे स्वतःला शिक्षा करायची नाही. घाई, थकवा, नुकतंच झालेलं भांडण यांपैकी कशानंतर अशी वाक्यं जास्त येतात, तेवढं शोधायचं आहे. ती वेळ कळली की त्या वेळी कुणाबद्दल निर्णय घ्यायचा नाही.

विचार दाबू नका, त्या जागी दुसरा ठेवा

‘असं मनात आणायचंच नाही’ हा उपाय उलटतो. नील मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये काही जणांना एका स्किनहेडचा, म्हणजे डोकं तासलेल्या तरुणाचा, फोटो दाखवून साचेबंद कल्पना टाळून त्याच्याबद्दल लिहायला सांगितलं. तेवढ्यापुरतं त्यांना जमलंही. पण लगेच दुसऱ्या स्किनहेडबद्दल लिहायला दिल्यावर, आधी मोकळेपणी लिहिलेल्यांपेक्षा यांच्याच लिखाणात साचे जास्त आले.

त्यामुळे वाक्य आलं की येऊ द्या, पण त्याच्या शेजारी त्या प्रसंगाची दुसरी दोन कारणं मांडा. ‘उद्धट आहेत’ यासमोर ‘भाषा नवीन आहे, म्हणून वाक्यं तुटक येतात’ किंवा ‘सकाळपासून रांग सांभाळतोय’. कारणं खरी वाटतील अशी हवीत. उगाच गोड कारण मन स्वीकारत नाही.

दुसरा उपाय म्हणजे त्या एका माणसाबद्दल छोटा प्रश्न. सुझन फिस्क आणि मेरी व्हीलर यांनी २००५ मध्ये मेंदूची प्रतिमा घेताना लोकांना वेगळ्या वंशाच्या अनोळखी माणसांचे चेहरे दाखवले आणि ‘याला ही भाजी आवडत असेल का?’ असं विचारलं. वयोगट ओळखायला सांगितल्यावर धोक्याशी निगडित भाग जसा जागा झाला, तसा तो या प्रश्नावर झाला नाही. तेव्हा नव्या माणसाला भेटताना ‘हा सकाळी लवकर उठणारा की उशिरा?’ असलं काही मनात विचारा. प्रश्न बावळट वाटेल, पण काम करतो.

निवड करायची असेल तर निकष आधी लिहा

नोकरी, भाडेकरू, संघातली जागा: प्रामाणिक माणसाचाही पूर्वग्रह सगळ्यात जास्त इथेच चालतो, कारण इथे तो कारणांचे कपडे घालून येतो. अर्ज बघितल्यावर निकष ठरवले, तर आपल्या मनातल्या उमेदवाराकडे जे आहे तेच अचानक महत्त्वाचं ठरतं. उलमन आणि कोहेन यांच्या २००५ च्या प्रयोगात पोलीसप्रमुख निवडताना नेमकं हेच झालं. पुरुष उमेदवाराकडे जे होतं ते पदासाठी मोलाचं ठरलं. निकष आधी ठरवून घेतल्यावर मात्र हा भेद राहिला नाही.

चार-पाच निकष पुरेत. प्रत्येकाला गुण ठरवा आणि पहिला अर्ज उघडण्याआधी कागद बंद करा. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्या. शेवटी एकदम दिलेत तर पहिली छापच सगळे गुण खाते. ‘व्यक्तिमत्त्व चांगलं हवं’ हा निकष नाही, पळवाट आहे. ‘आपल्यात बसणार नाही असं वाटतं’ हेही कुणी म्हटलं, तर कोणत्या उत्तरावरून वाटलं ते त्याने सांगायचं. सांगता आलं नाही तर तो मुद्दा बाद.

नुसतं एकत्र बसवून काही होत नाही

मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. वैर चांगलंच पेटलं. मग एकत्र जेवण, एकत्र सिनेमा करून पाहिलं, तर जेवणाच्या खोलीत अन्नाची फेकाफेक. फरक पडला तो पाण्याचा पुरवठा बंद पडल्यावर आणि अडकलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढल्यावर. तोही एका फटक्यात पडला नाही, अशी कामं एकामागून एक द्यावी लागली.

एकत्र येण्याने पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर काय लागतं, याच्या चार अटी त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडल्या: दोन्ही बाजूंचा दर्जा समान, उद्दिष्ट एक, ते गाठायला सहकार्य गरजेचं, आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा. पहिल्या अटीवरच बहुतेक स्नेहमेळावे आपटतात. एका बाजूने यजमान व्हायचं आणि दुसरीने पाहुणं, यात दर्जा समान कुठून येणार? त्यापेक्षा काही आठवडे चालेल असं काम घ्या, जोड्या मिश्र ठेवा, प्रमुखपद फिरतं ठेवा. आठ जणांत दुसऱ्या गटाचा एकटाच माणूस घेऊ नका. तो आपोआप प्रतिनिधी होतो आणि त्याची प्रत्येक चूक सगळ्यांच्या नावावर जाते. ‘तुमच्या लोकांना याबद्दल काय वाटतं?’ हा प्रश्न तर नकोच.

अपेक्षाही बेताची ठेवा. इराकमध्ये सल्मा मूसा यांनी ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडूंच्या मिश्र फुटबॉल संघांचा अभ्यास केला (प्रसिद्धी २०२०). ख्रिश्चन खेळाडूंची मुस्लिम खेळाडूंशी मैदानावरची वागणूक सुधारली, हंगामानंतरही काही खेळाडू एकत्र सराव करत राहिले; पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबाबत तसा बदल स्पष्ट दिसला नाही.

घरातलं माणूस एखाद्या गटाबद्दल वाईट बोललं तर

सगळ्यांसमोर किंवा फॅमिली ग्रुपवर उत्तर देऊ नका. माणूस मताला नाही, अब्रूला चिकटतो. एकटं गाठा. ब्रूकमन आणि काला यांच्या २०१६ च्या अभ्यासात दारोदारच्या साधारण दहा मिनिटांच्या संवादाने तृतीयपंथी व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला, आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. त्यात वाद नव्हता. समोरच्याला स्वतःचा अनुभव आठवायला लावलं होतं. साधारण असं:

‘काका, तुम्हाला असं कुणाकडून वाटायला लागलं?’
‘अरे, एकाने फसवलं होतं मला.’
‘त्रास झाला असणार. तुम्हाला कधी न ओळखताच कुणी नावं ठेवली होती का?’

इथे गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण आकडेवारीने भरून टाकतो, हीच नेहमीची चूक. आवाज चढला तर विषय तिथेच सोडा आणि आठवड्याने पुन्हा काढा. ज्याच्या गटावर शेरा मारला तो माणूस खोलीत असेल, तर मात्र थांबू नका: ‘काका, हे बरोबर नाही’ एवढं तेव्हाच म्हणा, समजावणं नंतर. त्यालाच समजूत घालायला पुढे करू नका. आणि शेऱ्याच्या पुढे जाऊन धमकी किंवा अडवणूक सुरू झाली, तर संवादाचे हे उपाय बाजूला ठेवून रीतसर तक्रार करा.