विमान किती वेळात पोचेल? हिशेब करताना या चुका टाळा

अंतर भागिले वेग. शाळेतलं हे गणित घेऊन आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक टिळक रोडवरच्या माझ्या तिकिटाच्या दुकानात येतंच.

मागे एक निवृत्त इंजिनिअर काका आले. पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर, जेटचा वेग ताशी ८५०, म्हणजे एक तास एकवीस मिनिटं. "मग तिकिटावर दोन तास दहा मिनिटं का हो? उगाच फुगवून लिहितात!" मी समजावलं, पण पटलं नाही. पुढचं डेहराडूनचं तिकीट त्यांनी स्वतःच मोबाइलवर वेगळं काढलं. पुण्याहून नऊचं विमान, दिल्लीहून सव्वाबाराचं. पावणेअकराला बॅग हातात, असा त्यांचा हिशेब. दार उघडलं अकरा वाजून बारा मिनिटांनी, बॅग पट्ट्यावर आली पावणेबाराला आणि पुढच्या विमानाचा काउंटर सव्वाअकरालाच बंद झालेला. दिल्लीहून फोन आला, "अहो, पण गणित बरोबर होतं!"

बरोबरच होतं, पण वर आकाशातल्या मधल्या पट्ट्यापुरतं. तिकिटावरचा वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो, तो पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंत. लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी एकच, तीही हवाई दलाची, त्यामुळे थांबणं आलंच. चढताना वीस-पंचवीस मिनिटं आणि उतरताना जवळपास तेवढीच, या काळात ८५० चा वेग नसतोच. म्हणून नागपूर हवेतून जेमतेम ६०० किलोमीटर, तरी सव्वा ते दीड तास लागतो.

माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८०० ने भागायचं आणि वर पाऊण तास टाकायचा. दिल्ली दोन तास अकरा मिनिटं येते. काकांना हेच सांगत होतो.

दुबईचा घोळ वेगळा. रात्री आठला निघून नऊ पन्नासला पोचतं, म्हणून "पावणेदोन तासांत दुबई!" असं लोक घरी सांगून मोकळे होतात. परतीच्या तिकिटावर तेच साडेचार तास दिसतात, मग विचारतात, मध्ये कुठे थांबतं का? नाही हो. तिकिटावर त्या त्या गावचं घड्याळ असतं आणि दुबई आपल्या दीड तास मागे आहे. जायचा आणि यायचा वेळ मिळवा, निम्मा करा: तीन तास दहा मिनिटं. येताना वारं बहुधा पाठीशी, त्यामुळे त्यातही थोडा फरक पडतो.

रस्त्याचे किलोमीटर विमानाला लावू नका.

साइटवर पुणे-दिल्ली अंतर ६२० दिसलं तर ते समुद्री मैल असतील, किलोमीटर काढायला १.८५२ ने गुणा.

'मुंबई' एवढंच वाचून तिकीट काढू नका, आता नवी मुंबईहूनही विमानं सुटतात.

आणि कोथरूडहून लोहगावला रात्री अकराला लागलेला वेळ संध्याकाळी सहाच्या विमानाला धरू नका. ते काका आता तीन तास आधी निघतात, कनेक्शनचं तिकीटही माझ्याकडूनच काढतात. कागदावर भागाकार मात्र अजून करून आणतात.